ओढ्याच्या पानावरचा पाहुणा

४ सप्टेंबर

प्रिय खारूताई,

अख्ख्या वर्गाने एकाच वेळी पुस्तकाचं पान उलटल्याचा आवाज तू कधी ऐकला आहेस का? खसऽऽ! छपरावरून कबुतरांचा थवा उठावा तसा. आमचे मास्तर खुर्चीत टेकता टेकता म्हणायचे, "पुढचं पान." मग तो आवाज व्हायचा, मग क्षणभर सगळं चिडीचूप, आणि त्या शांततेत मास्तरांचा खर्जातला सूर लागायचा:

थांब जरासा, ओढ्या वेड्या, कुठे निघाला घाई घाई?
काठावरती लव्हाळ म्हणते, 'मला तुझ्याशी जमणे नाही!'

ही कविता अजून सातवीच्या पुस्तकात आहे आणि माझी भाची ती शिकवते आहे, हे तुझ्या पत्रात वाचलं आणि भर दुपारी आरामखुर्चीत मला तो आवाज लख्ख ऐकू आला. समोरच्या माणसाचं बोलणं हल्ली निम्मंच कानात शिरतं. मामी म्हणते, "सोयीचं बहिरेपण आहे तुमचं. शाळेतलं सगळं ऐकू येतं, 'दळण आणा' एवढं मात्र ऐकू येत नाही."

पण तुझं पुढचं वाक्य आम्हा दोघांनाही कळलं नाही. 'मुलं ही कविता विकीवर शिकताहेत.' मामीने विचारलं, "हा विकी कोण? शिकवणीवाला का?" मी म्हटलं, असेल बाई.

आमच्या वेळी कविता एकाच तोंडातून यायची. मास्तर गायचे, मग अर्थ सांगायचे: 'कवीस येथे असे सुचवावयाचे आहे की...' आम्ही तो उतरवून घ्यायचो. सगळ्यांचा अर्थ एक, सगळ्यांची शाई निळी. पुढे छापखान्यात जन्मभर मुद्रितशोधक म्हणून बसलो, हजारो पानांच्या चुका काढल्या, पण त्या कवितेचा अर्थ मास्तरांनी सांगितला त्याहून वेगळा असू शकतो असं कधी मनातही आलं नाही. चाल मात्र अजून जिभेवर आहे.

तर हा विकी कोण, ते कळव. फोन करू नकोस, ओरडून तुझा घसा बसेल आणि मला 'ओढा'च्या जागी 'घोडा' ऐकू येईल.

तुझा,
मामा


११ सप्टेंबर

मामा,

तुमचं पत्र शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि एकटीच हसत बसले. विकी हा शिकवणीवाला नाही हो!

असं समजा की वर्गात एक फळा आहे. खडू माझ्या एकटीच्या हातात नाही, प्रत्येक मुलाच्या हातात आहे. डस्टरही प्रत्येकाच्या हातात. कोणीही लिहावं, दुसऱ्याचं कोणीही पुसून सुधारावं. आणि पुसलेलं खरं तर जात नाही. कोणी, केव्हा, काय बदललं ते 'इतिहास' असं लिहिलेल्या जागी सगळं राहतं, आणि वाटलं तर जुनं पुन्हा वर आणता येतं. शेजारी आणखी एक फळा आहे, भांडायला. त्याला 'चर्चा' म्हणतात. हा फळा संगणकावर असतो, म्हणून मुलं शाळेतून लिहितात, घरून लिहितात, कुठूनही लिहितात.

तिथे मुलांनी आपापली टोपणनावं घेतली आहेत. ढगोबाने ओढ्याच्या पानावर पहिलं वाक्य लिहिलं: 'ओढा हा हट्टी मुलगा आहे आणि लव्हाळं म्हणजे त्याची दमलेली आई.' ते मांजर नावाच्या मुलीने खोडलं. चर्चेत कारण दिलं, 'आई दमली तरी जमणे नाही असं म्हणत नाही. हे आजीचं बोलणं आहे. आजी स्पष्ट बोलते.' त्यावर लिंबूचं उत्तर, 'तुझी आजी बोलत असेल. माझी आई रोज म्हणते.' मामा, मांजर ही मुलगी वर्गात हजेरीलाही नीट 'हजर' म्हणत नाही! आणि इथे आजीच्या बाजूने एकटी किल्ला लढवते आहे.

आता काळजीची गोष्ट. आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, हे पटलेलं नाही. त्या म्हणतात, "फळा सगळ्यांच्या हातात दिला की त्याचा बाजार होतो." त्यांनी मला सहामाहीपर्यंत मुदत दिली आहे. एकदा येऊन पान बघणार, आणि त्यात मुलांचं शिकणं दिसलं नाही तर विकी बंद. मग पुन्हा मी सांगायचं, त्यांनी उतरवायचं. मांजर पुन्हा गप्प.

तुम्हाला बघायचं असेल तर तुमच्या वाचनालयात संगणक आहेच. तुमच्यासाठी 'पाहुणा' नावाचं खातं उघडलंय, पासवर्ड वेगळ्या चिठ्ठीवर आहे. वाचा, आणि वाटलं तर चर्चेत मुलांना शाबासकी द्या.

मामींना सांगा, दळणाचं मी तुम्हाला लेखी कळवलं आहे. आता ऐकू आलं नाही म्हणायची सोय नाही.

तुमची,
खारूताई


२० सप्टेंबर

प्रिय खारूताई,

काय पोरं आहेत गं तुझी!

वाचनालयातल्या ग्रंथपाल मुलीने मला संगणकापुढे बसवलं, उंदीर कसा धरायचा ते दाखवलं आणि म्हणाली, "आजोबा, घट्ट धरू नका, पळून जात नाही तो." मग ओढ्याचं पान उघडलं. मी जे वाचलं ते वाचून चष्मा काढून पुसावा लागला. कुणी लिहिलंय, 'लव्हाळं जागचं हलत नाही पण वाकतं, म्हणून त्याला भित्रं म्हणू नये.' कुणी लिहिलंय, 'ओढ्याला घाई नाही, उतार आहे.' घाई नाही, उतार आहे! अगं, एवढी वर्षं ही कविता आंघोळीच्या वेळी गुणगुणतो आहे, मला हा उतार कधी दिसला नाही. एकाने वाक्य टाकायचं, दुसऱ्याने त्याला दार काढायचं, तिसऱ्याने खिडकी. सगळ्यांनी मिळून घर बांधावं तसं. आमच्या वर्गात एवढी डोकी होती, पण अर्थ एकच निघाला. बाकीच्या डोक्यांचं काय झालं, असं परतताना मनात येत राहिलं. चौक ओलांडून पुढे गेलो तेव्हा कळलं की घर मागे राहिलं.

मी तीन दिवस रोज गेलो. पान तसं जरा विस्कळीत होतं. एकच गोष्ट दोनदा, स्वल्पविराम नाहीत, वाक्यं कुठेही सुरू होऊन कुठेही संपलेली. तुझ्या मोठ्या बाई बघायला येणार, तर पान देखणं दिसावं म्हणून किरकोळ हात फिरवला आहे. तू काळजी करू नकोस. या कामात तुझ्या मामाचा हात कोणी धरला नाही.

तुझा,
मामा


२७ सप्टेंबर

मामा,

पान वाचलं. भाषा फार सुंदर झाली आहे.

या आठवड्यात मुलांनी काही लिहिलेलं नाही. चाचण्या जवळ आल्यात, त्यामुळे असेल. तुम्ही रोज एवढं चालत वाचनालयात जाऊ नका, गुडघे दुखतील.

घाईत आहे. मामींना नमस्कार.

खारूताई


३ ऑक्टोबर

प्रिय खारूताई,

गुडघ्यांचं म्हणशील तर ते विकीमुळे उलट सुधारले आहेत. सकाळी उठून कुठे जायचंय असं वाटणं, हे औषध कुठल्या दुकानात मिळत नाही.

मुलं लिहीत नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नकोस. वाचत असतील. चांगलं पान समोर असलं की माणूस आधी वाचतो. म्हणून पुढच्या दोन कवितांची पानंही लावून टाकली. 'कवीस येथे असे सुचवावयाचे आहे' अशी सुरुवात केली की पान कसं ताठ उभं राहतं! मास्तर असते तर पाठ थोपटली असती.

मामीला हे सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "दुसऱ्यांच्या पोरांच्या ताटात हात घालू नये. आपण भरवत राहिलो की ती तोंड मिटतात." मी म्हटलं, तुला संगणकातलं काय कळतं? ती म्हणाली, "संगणकातलं नाही कळत. पोरांतलं कळतं."

मोठ्या बाई कधी येणार आहेत ते कळव.

तुझा,
मामा


१० ऑक्टोबर

मामा,

हे पत्र दोनदा फाडून तिसऱ्यांदा लिहिते आहे. तुम्हाला दुखवायचं नव्हतं म्हणून मागच्या पत्रात खरं लिहिलं नाही. तिथेच चुकलं.

मोठ्या बाई काल आल्या. ओढ्याचं पान उघडलं, दोन ओळी वाचल्या आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "हे सातवीतल्या मुलांचं नाही. तुम्ही लिहिलंय." मी म्हटलं, नाही. "मग कोणी?" मी 'इतिहास' उघडला. वरपासून खालपर्यंत पाहुणा, पाहुणा, पाहुणा. त्यांनी विचारलं, "हे पाहुणे कोण?" आणि अख्ख्या वर्गासमोर मला सांगावं लागलं, की माझे मामा.

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "म्हणजे शेवटी एका मोठ्या माणसानेच लिहायचं ना? मग तो फळ्यावर काय वाईट होता?" त्या पुन्हा एकदा येणार आहेत. तेव्हाही हेच दिसलं तर विकी बंद.

चाचण्यांचं खोटं होतं. तुम्ही हात फिरवलात त्या दिवसापासून एकाही मुलाने एक अक्षर लिहिलेलं नाही. मी ढगोबाला विचारलं, का रे? तो म्हणाला, "ताई, ते पान झालं ना आता. झालेल्या पानात काय लिहायचं?" आणि मांजर तास संपल्यावर टेबलापाशी आली. कधी नव्हे ती आपणहून. म्हणाली, "आमचं सगळंच चुकलं होतं का?"

एक बटण दाबलं की मला जुनं पान परत आणता येईल. पण मी दाबणार नाही. मी दाबलं तर एका मोठ्या माणसाचं खोडून दुसऱ्या मोठ्या माणसाने लिहिलं, एवढंच होईल.

रागावू नका. मी तुमच्यावर रागावले आहे, पण तो राग बसने दोन तास प्रवास करून तिथवर येईपर्यंत निम्मा होईल हे मला माहीत आहे.

खारूताई


१५ ऑक्टोबर

प्रिय खारूताई,

रागाची उरलेली निम्मी रक्कम पोचली. अगदी योग्य पत्त्यावर.

तुझं पत्र वाचलं आणि मामीला दिलं. तिने वाचून घडी घालून परत दिलं, आणि काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा फार ऐकू येतं.

छापखान्यात ज्या कागदावर माझ्या खुणा नसायच्या त्या कागदाबद्दल मालक म्हणायचे, "आज झोप काढली वाटतं." चूक काढणं म्हणजेच वाचणं, अशी माझ्या डोळ्यांना सवय लागून गेली. पण तिथे कागद यायचा तो छपाईला निघालेला, लिहिणाऱ्याचं लिहून संपलेलं. तुझ्या मुलांचं लिहून संपलं नव्हतं. वाहत्या पाण्याला मी इस्त्री करायला निघालो.

'आमचं सगळंच चुकलं होतं का?' हे वाक्य घेऊन दोन दिवस घरात येरझारा घातल्या. मग वाचनालयात गेलो. पानाला हात लावला नाही. चर्चेत एवढंच लिहिलं:

'मुलांनो, मी पाहुणा. ताईंचा मामा. तुमचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही लिहिलेलं मला इतकं आवडलं की मला राहवलं नाही, आणि ज्या घरी पाहुणा म्हणून आलो तिथलं सामान न विचारता हलवलं. तुमचं पान इतिहासात जसंच्या तसं आहे. माझं ठेवायचं, टाकायचं की मोडून वापरायचं, ते तुम्ही ठरवा. मला एक खरंच विचारायचं आहे. ही कविता मला तुमच्या वयापासून पाठ आहे, पण लव्हाळं कोण आहे हे मला कधी कुणी विचारलं नाही आणि मीही कधी विचार केला नाही. तुमचं भांडण अर्धवट राहिलं आहे. पुढे काय झालं?'

ग्रंथपाल मुलगी मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "आजोबा, 'जतन करा' दाबा ना." माझं बोटच उठत नव्हतं. पोरांनी उत्तर नाही दिलं तर?

तुझा,
मामा


२४ ऑक्टोबर

मामा!

उत्तर नाही दिलं तर म्हणे! तुम्ही वाचनालयात गेला नाहीत का? घाबरून घरी बसला असाल, मी ओळखते तुम्हाला. मग मीच सांगते.

पहिला दिवस काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी लिंबूने चर्चेत लिहिलं, 'पाहुणेआजोबा, तुमचं मराठी छान आहे, पण ओढा त्यात बुडाला.' झालं! त्यावर सगळे तुटून पडले. ढगोबा म्हणे, सगळं जुनं परत आणा. मांजर म्हणे, सगळं नको, आपलंही तीन ठिकाणी एकच वाक्य होतं, आजोबांनी ते एकत्र केलं ते बरोबर आहे. मग ओळ न् ओळ घेऊन बसले. काय ठेवायचं, का ठेवायचं. प्रत्येक बदलाखाली कारण. एक नमुना देते: 'स्वल्पविराम ठेवले आहेत, आभार. कवीस येथे असे सुचवावयाचे आहे हे काढलं आहे, कारण कवीला आपण विचारलेलं नाही.'

मामा, एवढं बारकाईने वाचायला मी त्यांना कधी शिकवू शकले नसते. तुमचं पान त्यांना खोडायला मिळालं, त्याचाही उपयोग झाला म्हणायचा. हे मी मान्य करते आहे, पण याचा अर्थ पुन्हा करा असा नाही.

आता पान पुन्हा ओबडधोबड आहे. लव्हाळ्याखाली आई आणि आजी असे दोन अर्थ शेजारी शेजारी आहेत, आणि खाली लिहिलंय, 'आमचं अजून ठरलेलं नाही.'

मोठ्या बाई परवा आल्या. मागे खुर्ची घेऊन तासभर बसल्या. मुलं त्यांच्यासमोर भांडली, कोणी आवाज खाली केला नाही. मांजर उभी राहून म्हणाली, "आजीचा पुरावा माझ्याकडे आहे, ती कालच मला असं बोलली." सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चर्चेचं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, तुमच्या मजकुरापाशी बराच वेळ थांबल्या. मी विचारलं, विकी चालू ठेवायचा ना? "कळवते," म्हणाल्या आणि गेल्या. त्याला आता दोन दिवस झाले. मी रोज त्यांच्या खोलीवरून जाते आणि दार बंदच असतं. मला धाकधूक लागून राहिली आहे. मुलांना अजून काही सांगितलेलं नाही.

खारूताई


२९ ऑक्टोबर

प्रिय खारूताई,

घाबरून घरी बसलो होतो हे खरं. पण तुझं पत्र आलं तसा चपला शोधत सुटलो. मामी म्हणाली, "पायांतच आहेत." वाचनालयात जाऊन सगळं वाचलं. 'ओढा त्यात बुडाला.' जन्मभर लोकांचं लिखाण तपासलं, पण माझं असं नेमकं कुणी तपासलं नव्हतं. लिंबूला माझ्याकडून शाबासकी दे. राहू दे, मीच देतो, चर्चेत. आता मला जागा कळली आहे.

आणि ते 'आमचं अजून ठरलेलं नाही'! आमच्या मास्तरांना हे वाक्य दाखवायला हवं होतं. मास्तर चांगले होते गं. गाताना त्यांचे डोळे मिटायचे. त्यांनी एकदा जरी डोळे उघडून विचारलं असतं, 'पोरांनो, लव्हाळं कोण रे?' तर कोण काय बोललं असतं याचा मी विचार करत बसतो. आमच्यातही एखादी मांजर असेल. असणारच. तिने काय लिहिलं असतं ते आता कोणत्याच इतिहासात नाही. तुझ्या वर्गात ते राहतं आहे, याचंच मला राहून राहून अप्रूप वाटतं.

मोठ्या बाईंनी बंद करा म्हटलं तर मी स्वतः त्यांना भेटायला येईन. माझ्यामुळे त्यांचा गैरसमज झाला, तो मलाच निस्तरायला हवा. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं आहे. 'बाई, पान वाईट होतं ते माझं, मुलांचं नव्हे' अशी सुरुवात

दार वाजतंय. म्हणजे मामी म्हणते आहे की वाजतंय. ती उघडायला गेली आहे.

खारूताई, अक्षर वाकडं आलं तर सांभाळून घे. मी आतल्या खोलीत येऊन उभ्याउभ्या लिहितो आहे. दारात एक बाई होत्या. करड्या केसांचा अंबाडा, हातात पर्स, प्रवासाने थकलेल्या. मामीला वाटलं, कुणाची तरी चौकशी करायला आल्यात. त्या म्हणाल्या, "पाहुणे इथेच राहतात ना? भाचीला शाळेच्या पत्त्यावर पत्रं येतात त्यांची, पाकिटामागे हाच पत्ता असतो." मग मी पुढे झालो. मी जुळवलेलं सगळं भाषण विसरून "बाई, ते पान माझं..." एवढंच म्हणू शकलो.

"बंद करायचं असतं तर शिपायाकडून चिठ्ठी पाठवली असती," त्या म्हणाल्या. "त्यासाठी बसने दोन तास कोण येतं?"

मामीने त्यांना आत या, बसा म्हटलं. पण त्या उंबरठ्यावरच उभ्या. वर्गात कडक असणारी माणसं अशी दारात अवघडून उभी राहिली की किती लहान दिसतात! हळूच म्हणाल्या, म्हणजे मला ऐकू यावं इतपत मोठ्याने, पण मान खाली घालून, "ते लव्हाळं आई नाही आणि आजीही नाही. ती शाळेतली बाई आहे. दर वर्षी पाणी पुढे जातं आणि ती काठावर राहते. मला हे त्या पानावर लिहायचंय. मुलांना विचारायला संकोच वाटतो, तुमच्या भाचीला विचारायला त्याहून जास्त. तुम्ही या वयात शिकलात असं ऐकलं. कुठे दाबायचं ते मला दाखवाल का?"